मॉरिशसला ‘छोटा भारत’ म्हणतात ते खरं आहे का? तिथल्या लोकांचं रोजचं जगणं कसं असतं आणि मराठी माणसं अजून मराठी राहिली आहेत का?

कामानिमित्त दोन वर्षं मॉरिशसमधल्या क्वात्र बोर्न शहरात राहिलो, त्यावर सांगतो. माझी घरमालकीण मराठी होती. म्हणजे पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून उसाच्या मळ्यावर गेलेल्या घरातली. मी त्यांना काकू म्हणायचो, आणि त्याचं त्यांच्या नातवंडांना फार हसू यायचं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्यासमोर ‘छोटा भारत’ म्हणालो. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बोट करून विचारलं, “मग तो चिनी कोण? पाहुणा?” त्यानंतर तो शब्द मी वापरला नाही.

त्या बेटावर मूळचं असं कोणी नाहीच. डच 1598 साली आले आणि 1710 पर्यंत सोडूनही गेले. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, 1835 मध्ये गुलामगिरी उठली, पण ऊस तोडायला हात हवेच होते. म्हणून आधीच, 1834 पासून, भारतातून करारावर मजूर नेले. बहुतेक कलकत्त्याहून, बाकीचे मद्रास आणि मुंबईहून, सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास. पोर्ट लुईला अप्रवासी घाटावर ते ज्या 16 पायऱ्या चढून गेले त्या अजून आहेत. चढायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. मी दोनदा चढलो.

आता रोजचं जगणं. सगळ्यांना बांधते ती भाषा क्रेओल. फ्रेंचच्या पोटातून निघालेली, पण फ्रेंच नव्हे. सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंचमध्ये, आणि भांडण, प्रेम, घासाघीस सगळी क्रेओलमध्ये. मराठी शाळेत विषय म्हणून शिकता येते, मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत पुढेही शिकवतात. पण घरात? आमच्याकडे मराठी देवघरापुरती होती. काकूंची आरतीची वही रोमन अक्षरांत लिहिलेली. त्यांनी मला एकदा अगदी गंभीरपणे विचारलं, “तुम्ही लोक मराठीत भांडता सुद्धा?” त्यांनी ती भाषा देवाशी बोलतानाच ऐकली होती.

आडनावांचीही अशीच गंमत आहे. कारकुनाने जे ऐकलं ते फ्रेंच वळणाने लिहिलं, आणि खापरपणजोबांचं पाळण्यातलं नाव पुढच्या सगळ्यांचं आडनाव होऊन बसलं.

खाण्यावर मात्र मी कितीही लिहीन. रस्त्यावरची डोल पुरी म्हणजे गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी समजा. शिजवून वाटलेली पिवळी डाळ आत, पातळ लाटलेली, मऊ. एकटी कधी मिळत नाही, जोडीच घ्यायची. आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय म्हणजे मसालेदार रस्सा, आणि चटणी. चटणीला तिथे ‘सातिनी’ म्हणतात. डोल पुरीच्या रांगेत चिनी, मुसलमान, क्रेओल (म्हणजे गुलामांच्या वंशातला), गोरा फ्रेंच सगळे एकामागे एक उभे दिसतात. शेवग्याच्या पाल्याला ‘ब्रेद मुरुम’, अळूला ‘ब्रेद सोंज’. बाजारात अळू दिसल्यावर मला गलबलून आलं होतं, हे कबूल करतो. पूर्वी गावोगाव चिनी माणसाचं किराणा दुकान असे आणि ऊसतोड्याची उधारी त्याच्या ‘कार्ने’त, म्हणजे वहीत. काकूंच्या सासऱ्यांची तशी एक वही त्यांनी कपाटात जपून ठेवली होती. शेवटचा हिशेब बाकीच होता म्हणे.

सणही असेच एकमेकांच्या अंगणात शिरतात. 31 डिसेंबरच्या रात्री चिनी पद्धतीच्या लाल फटाक्यांच्या माळा सगळे लावतात. महाशिवरात्रीला लोक कावडी घेऊन चालत गंगा तलावाला निघतात. सप्टेंबरात पेर लावाल या जुन्या फ्रेंच धर्मगुरूच्या समाधीला कॅथलिकांबरोबर हिंदूही जातात, काकूही जायच्या. “नवस आहे,” एवढंच सांगायच्या.

गणपतीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. मराठी मूठभर असूनही. सुट्टी सहसा चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे दीड दिवसाचे गणपती समुद्राकडे निघतात तेव्हा. त्या मिरवणुकीत पायांत चाळ बांधून गोल फिरणारी माणसं पाहिली आणि मी उभाच राहिलो. ते त्याला झाकरी म्हणतात. आपल्या रत्नागिरीकडची जाखडी! मी संगमेश्वरचा, आमच्या वाडीत हा नाच आता वर्षाआड होतो. तिकडे मात्र तरुण पोरं मराठी गाण्यावर फेर धरत होती आणि पाणी प्यायला थांबली की क्रेओलमध्ये फुटबॉलवर बोलत होती.

सगळं गोडीगुलाबीचं आहे असं समजू नका. लग्नाचा विषय निघाला की जात, धर्म, अगदी पूर्वज कुठल्या बंदरातून निघाले हेसुद्धा आठवतं. निवडणुकीच्या कायद्यातच समाजांचे चार गट आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणले, त्यांची ओळख कायद्यात ‘उरलेले’ अशी, हे मला शेवटपर्यंत खटकलं. 1998 मध्ये नव्या नोटांवर हिंदीचा क्रम तमिळच्या वर गेला, तर एवढा गदारोळ झाला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. पुढच्याच वर्षी काया हा क्रेओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि दंगली उसळल्या. काकू त्या दिवसांबद्दल बोलायच्या नाहीत, विषय बदलून चहा टाकायच्या. व्हॅनिलाचा, आपल्यासारखाच दूध घालून.

जाणार असाल तर भाद्रपदात जा, हॉटेलऐवजी कुणाच्या घरी राहायला मिळालं तर बघा. आणि डोल पुरीवर मिरची घालू का असं विचारलं तर आधी थोडीच सांगा. कोकणातल्या जिभेलाही ती झेपत नाही.