ढगांआडचे ओले हिम

प्रश्न : ढग असतानाही ग्रीनलंडचा बर्फ वितळू लागल्याचे उपग्रहाला कसे कळते?

उत्तर : रडारच्या सूक्ष्मलहरी ढगांतून पार जातात. कोरड्या हिमात त्या खोलवर शिरतात आणि आतल्या कणांवरून, गोठलेल्या थरांवरून विखुरून परततात. पण कणांभोवती नुसता ओलावा धरला, तरी त्या शोषल्या जातात आणि परतणारा संकेत एकाएकी क्षीण होतो. जुलै २०१२मध्ये इस्रोच्या ओशनसॅट-२ वरील रडारला (जे खरे तर समुद्रावरचे वारे मोजण्यासाठी होते!) जवळजवळ सारे ग्रीनलंड ओले दिसले, तेव्हा नासाच्या शास्त्रज्ञालाही आधी नोंदींतच चूक असल्याची शंका आली. इतर उपग्रहांनी मात्र दुजोरा दिला : ८ जुलैला सुमारे ४० टक्के असलेले वितळक्षेत्र १२ जुलैला ९७ टक्क्यांवर पोहोचले होते. पाणी किती झाले, हे मात्र एवढ्या खुणेवरून ठरत नाही.