मुलगा हॉटेलात जॅझ पियानो वाजवायचा म्हणतोय, करू द्यायचं का?

ताई, पत्र मिळालं, नीट वाचलं. तुम्ही सांगलीच्या विश्रामबागेतनं लिहिलंय, मुलगा बारावी सायन्स झालाय, लहानपणापासनं आजोबांच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, आता लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डवर असतो, आणि म्हणतोय इंजिनिअरिंग नको, मला जॅझ शिकून मोठ्या हॉटेलच्या लाउंजमध्ये स्वतःचा ट्रिओ चालवायचाय. वडील म्हणतात हे काय काम झालं का, आणि तुम्ही विचारताय यात पोट भरतं का आणि दोन लाखांचा पियानो आत्ताच घ्यायचा का.

तर हो, हे काम आहे आणि चांगलं कष्टाचं काम आहे. ट्रिओ म्हणजे पियानो, बेस (खालचे, खर्जाचे सूर धरणारं तंतुवाद्य) आणि ड्रम्स, तिघंच. रेसिडेंट म्हणजे एकाच हॉटेलात आठवड्यातले ठरलेले दिवस, साधारण पाऊण तासाचा सेट, मधे ब्रेक, असे रात्रीत तीनेक सेट. लोक जेवतायत, गप्पा मारतायत, कुणी टाळी वाजवेलच असं नाही, तरी त्यांचं बोलणं न तोडता सुरात आणि लयीत वाजवत राहायचं. वर हा लीडर, म्हणजे बेसवाल्याला ताप आला की संध्याकाळी पाच वाजता बदली माणूस ह्यानेच शोधायचा, मॅनेजरशी बोलणी ह्यानेच करायची, आणि हॉटेलचं बिल उशिरा निघालं तरी दोन्ही साथीदारांचे पैसे वेळेवर द्यायचे. मला विचाराल तर पोराला वाजवता येतं का हा प्रश्न नंतरचा, दोन माणसं सांभाळता येतात का हे आधी बघा.

वडिलांना हलकं काम वाटत असेल तर त्यांना सांगा, अमेरिकेतले नावाजलेले जॅझ पियानोवादक अहमद जमाल शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये असाच रेसिडेंट ट्रिओ चालवायचे, बेसवर इस्रायल क्रॉस्बी, ड्रम्सवर व्हर्नेल फोर्निए, आणि जानेवारी 1958 मध्ये तिथंच रेकॉर्ड झालेला त्यांचा अल्बम अमेरिकेत 100 पेक्षा जास्त आठवडे चार्टवर होता. मुलाला तो रोज ऐकायला लावा, माणूस किती कमी वाजवतो आणि किती जागा सोडतो ते त्याला कळू दे. आपल्याकडं पण हे नवीन नाही, 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये टेडी वेदरफर्ड पियानोवर होते, आणि आपले जॅझ पियानोवादक लुई बँक्स कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर ब्लू फॉक्समध्ये वाजवतच पुढं आले.

आता मुलाकडं काय आहे आणि काय नाही. भजनात पेटी वाजवलीय ही फार मोठी जमेची बाजू आहे, कारण गाणाऱ्याच्या मागं राहून त्याला उचलून धरायची सवय त्याच्या हाताला आहे, आणि ट्रिओत गायिका आली की नेमकं हेच लागतं. मिरजेला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, तिथं त्यानं पेटीवाल्याच्या जवळ बसून बघावं. पण पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भात्यावर असतो हो! पियानोत त्याच डाव्या हाताला कॉर्डमधले, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटातले, तिसरे आणि सातवे सूर धरून ठेवायचे असतात, खालचा मूळ सूर बेसवाल्याकडं सोडून. हे शून्यातनं शिकावं लागेल. दुसरं, ऑर्केस्ट्रात बरीच मुलं सगळी गाणी एकाच पट्टीत बसवतात आणि ट्रान्सपोजचं, म्हणजे आपोआप सूर वर-खाली करणारं, बटन दाबतात, हॉटेलातल्या ग्रँड पियानोला ते बटन नसतं. गायिका ऐनवेळी म्हणाली अर्धा सूर खाली घे, की हातानेच घ्यावं लागतं. म्हणून आजपासनं ते बटन बंद, प्रत्येक गाणं बाराही स्केलमध्ये, आणि मेट्रोनोमचा, म्हणजे लय देणाऱ्या यंत्राचा, ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरून.

पैशाचं मोकळेपणानं सांगतो. हा पगार नसतो, दर रात्रीचा रेट ठरतो आणि तो तिघांत वाटायचा असतो, करार बहुतेक ठराविक महिन्यांचा, मॅनेजर बदलला की कधीकधी तोही जातो. ड्राय डेला बार बंद म्हणजे बऱ्याचदा वाजवणंही बंद, आणि मार्च 2020 ला तर सगळ्यांचंच काम एका आठवड्यात थांबलं. म्हणून जे टिकतात ते दिवसा शिकवण्या घेतात, रेकॉर्डिंग करतात. क्रूझवरही कामं असतात, राहणं-खाणं त्यांचं, पण लक्षात ठेवा, जहाजावरच्या नोकरीसाठी एजंट मुलाकडनं कमिशन मागायला लागला तर तिथनंच परत या. भरती करणाऱ्याकडं सरकारचं आरपीएसएल, म्हणजे जहाजावरच्या भरतीचं, लायसन असावं लागतं आणि नोकरी लावायचे पैसे घेणं नियमात बसत नाही.

मी असं करीन. सांगलीतच बीकॉमला घाला, हिशेब, करार, रिटर्न हे सगळं लीडरला लागतंच. सोबत लंडनच्या ट्रिनिटीच्या किंवा असोसिएटेड बोर्डाच्या पियानोच्या परीक्षा, म्हणजे ग्रेड्स, जमलं तर आठवीपर्यंत. हॉटेलवाला ते सर्टिफिकेट बघत नाही, तो व्हिडिओ बघतो, पण शिकवण्या मिळायला आणि पुढं चेन्नईच्या केएम कॉन्झर्व्हेटरीसारख्या संगीत शिकवणाऱ्या ठिकाणी अर्ज करायला त्याचा उपयोग होतो. आणि ह्याच वर्षी सांगली, मिरज, कोल्हापूर इथनं एक बेसवाला, एक ड्रमर गाठून तिघांनी आठवड्यातनं एकदा बसायचं. वर्षभर ते दोघं ह्याच्यासाठी येत राहिले, 50 गाणी कागद न बघता बसली, तर बीकॉमनंतर पुण्या-मुंबईला खुशाल पाठवा. बसली नाहीत तर डिग्री हातात आहेच.

पियानो आत्ता नको. खरा पियानो वरचेवर ट्यून करावा लागतो आणि ट्यूनर सांगलीत सहज मिळत नाही. 88 पट्ट्यांचा, वजनदार म्हणजे खऱ्या पियानोसारख्या दाबायला जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, सेकंडहँड चालेल, मुलाला सोबत नेऊन प्रत्येक पट्टी दाबून बघा, आणि पेडल दुकानदार देतो ते हलकं न घेता चांगलं, पायाखाली न सरकणारं घ्या.