नेत्याचा आवेश आणि नहेम्याचे चार महिने

प्रश्न : मी आमच्या मंडळीच्या तरुण संघाचा अध्यक्ष आहे. उपासनेला उशिरा येणारे, वर्गणी न देणारे, काम अंगावर घेऊन न करणारे यांची मला मनस्वी चीड येते आणि ती मी सभेत बोलून दाखवतो. संघाचे काम वाढले, पण काही जुने सहकारी येईनासे झाले. पाळकसाहेब सबुरीने घ्या म्हणतात. प्रभूनेही मंदिरातील व्यापाऱ्यांना हाकलून दिलेच ना? मग आवेश हा दोष कसा?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : आवेशाला मी दोष म्हणणार नाही; ज्या मंडळीत कुणालाच कशाची तळमळ उरलेली नाही, तिची मला अधिक काळजी वाटते. मात्र तुम्ही ज्या प्रसंगाचा आधार घेता, तो मार्काच्या अकराव्या अध्यायात सावकाश वाचावा. प्रभू यरुशलेमेत येतो, मंदिरात जाऊन सभोवार सगळे पाहतो आणि संध्याकाळ झाल्यामुळे बारा शिष्यांसह बेथानीस परततो. व्यापाऱ्यांचे चौरंग उलथले जातात ते दुसऱ्या दिवशी. शिवाय त्याचा रोष सर्व राष्ट्रांच्या प्रार्थनागृहाचा बाजार मांडणाऱ्यांवर होता, उशिरा पोहोचलेल्या भाविकांवर नव्हे.

नेतृत्वाविषयी मी सर्वाधिक शिकलो तो जुन्या करारातील नहेम्याकडून, म्हणजे पारसाच्या राजाच्या पदरी प्यालेबरदार असलेल्या यहूदी माणसाकडून. यरुशलेमेचा तट पडल्याची वार्ता शूशन राजवाड्यात कानी आली, तेव्हा तो बसून रडला, त्याने उपास केला. पण राजापुढे शब्द काढला तो किसलेव महिन्यापासून निसानपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, प्रार्थनेत घालवल्यानंतरच. यरुशलेमेत पोहोचल्यावरही त्याने आपला बेत कुणाला सांगितला नाही. तीन दिवसांनी, रात्रीच्या वेळी, मोजकी माणसे घेऊन तो तट पाहून आला. मग त्याने लोकांना हाक दिली, ते आपण होऊन कामाला उठले आणि तट ५२ दिवसांत पुरा झाला. पुढे सावकारीने गांजलेल्या बांधवांचा आक्रोश ऐकून तो अतिशय संतापला, तरी आधी मनाशी विचार करून मगच त्याने सरदारांना जाब विचारला. सुभेदार म्हणून मिळणारा भत्ता त्याने स्वतः १२ वर्षे घेतला नाही, आणि माझ्या मते त्याच्या शब्दाला वजन आले ते यामुळेच. शेवटच्या अध्यायात मात्र हाच नहेम्या काहींना मारतो, त्यांचे केस उपटतो. इतक्या जपून वागणाऱ्या माणसाचाही आवेश असा हात उगारण्यापर्यंत जातो, हे शास्त्राने झाकून ठेवलेले नाही.

काम वाढले, असे तुम्ही म्हणता. इस्राएल लोकांना रानातून नेताना मरीबा येथे मोशेने रागाच्या भरात त्यांना बंडखोर म्हणत खडकावर दोनदा काठी मारली, तेव्हाही पाणी विपुल निघाले आणि सर्वांची तहान भागली. तरी त्या लोकांना वचनदत्त देशात नेण्याचा मान मोशेला मिळाला नाही. फळ दिसले एवढ्यावरून ते ज्या मनाने मिळवले ते मन देवाला मान्य होते, असे ठरत नाही.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंची तळमळ पाहावी. दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई १८९६च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडताच स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांचा तो कळवळा पुणे जिल्ह्यातील केडगावच्या त्यांच्या आश्रमातील शेतीत, विहिरींत, शाळेत रोजच्या कष्टांनी उतरला, म्हणून त्या मुली उभ्या राहिल्या.

तुम्हाला माझी कळकळीची विनंती अशी, की पुढील सभेपूर्वी येईनासे झालेल्या प्रत्येकाच्या घरी एकट्याने जावे, त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे आणि त्या भेटीत वर्गणीचा वा उशिराचा विषय काढू नये. अपराधी बंधूकडेही आधी एकांतात जावे, असे प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे; मंडळीपुढे बोलण्याची पाळी तेथे सर्वांत शेवटी येते.