माझ्या केनियन क्लासमेटला गावी पीनट बटरचा धंदा काढायचाय, तिला फंड, ट्रेनिंग आणि मेंटॉर कुठून मिळेल?

तुम्ही लिहिलंय की ती पुण्यात एमबीए करतेय, वय २४, घर किसुमूच्या बाजूला, आणि परत जाऊन पीनट बटर बनवायचंय पण जवळ पैसे नाहीत. मी नऊ वर्षं नैरोबीत आहे, पॅकेजिंगच्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते, आमच्याकडे बरण्या घ्यायला अशा बायका रोज येतात आणि त्यातल्या पाचसहा जणींचे फॉर्म भरायला मी शनिवारी त्यांच्यासोबत बसलेय, त्यामुळे जे सांगतेय ते बघितलेलं आहे.

आधी पैशाचं, कारण तुमचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. सगळ्यात मोठं नाव टोनी एलुमेलू फाउंडेशन, नायजेरियाचं. २०१५ पासून त्यांचा उद्योजकांचा कार्यक्रम चालू आहे, आफ्रिकेच्या ५४ पैकी कुठल्याही देशाची व्यक्ती अर्ज करू शकते, निवड झाली की ट्रेनिंग, मेंटॉर आणि ५,००० डॉलर, जे परत करायचे नसतात. म्हणजे आजच्या भावाने सहा लाखांच्या वर केनियन शिलिंग, त्यात दाणे भाजायचं आणि दळायचं छोटं मशीन आरामात येतं. नुसती आयडिया असली तरी चालते, फॉर्म साधारण १ जानेवारीला उघडतो आणि १ मार्चला बंद होतो, अर्जाला एक पैसाही लागत नाही. हे शेवटचं तिला दोनदा सांगा. माझ्या ओळखीच्या एका मुलीने "तुझा अर्ज मी पास करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला १५,००० शिलिंग दिले, तो नंबर नंतर लागलाच नाही, आणि ते पैसे तिच्या आईने कोंबड्या विकून दिलेले होते. कुठलाही खरा फंड अर्जासाठी पैसे मागत नाही.

तिचा लहान भाऊ किंवा बहीण काही करत असेल तर अंझिशा म्हणून एक कार्यक्रम आहे, १५ ते २२ वयाच्या मुलांसाठी, पण ती स्वतः त्यात बसणार नाही. गूगलवर अफावा हे नाव पण सारखं दिसेल, ते आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेचं आहे, काम चांगलंय पण तिथे थेट अर्ज करता येत नाही, ते बँकांना हमी देतात म्हणजे बँका बायकांना कर्ज द्यायला तयार होतात. तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

आता मेंटॉरचं, आणि माझ्या मते हे पैशाच्याही आधी यायला हवं. नैरोबीत दांडोरा म्हणून वस्ती आहे, तिथे नवीन धंदा काढलेल्या बायकांवर एक अभ्यास झाला होता, २०१८ साली छापून आला. काहींना वर्गात बसवून बिझनेस शिकवला, काहींना त्याच वस्तीतली धंद्यात मुरलेली बाई जोडून दिली. वर्गातल्यांच्या नफ्यात काही फरक पडला नाही, मेंटॉरवाल्यांचा साधारण २० टक्के वाढला, कारण माल स्वस्त कुठे मिळतो असल्या गोष्टी ती बाईच सांगू शकते. भेटी थांबल्या तसा फायदाही ओसरला, हे पण त्यात आहे, म्हणून नातं टिकवायला लागतं.

हे मी आमच्या काउंटरवर बघितलंय. एक मुलगी बरण्या घ्यायला आली होती, तिचं पीनट बटर कडू लागतं अशी तक्रार यायची आणि ती दुसरी रेसिपी शोधत होती. तिथे मध विकणाऱ्या एक वयस्कर मामा उभ्या होत्या (मामा म्हणजे इकडे आई, मोठ्या बाईला सगळे तसंच म्हणतात). त्यांनी तिच्या पिशवीतले मूठभर दाणे काउंटरवर पसरले आणि बोटाने सुरकुतलेले, काळपट दाणे एका बाजूला ओढले. म्हणाल्या, रेसिपी सोड, हे आधी काढ, यानेच कडू होतं आणि बुरशीचं विष असतं ते पण यातच, टेस्टमध्ये माल यामुळेच नापास होतो. मग विचारलं दाणे कसे घेतेस, तर ती गोरोगोरोने घेत होती, म्हणजे बाजारातल्या मापाच्या डब्याने. मामा म्हणाल्या सुगीत अख्खं गुनिया घे (आपली गोणीच ती, शब्द पण तोच). दहा मिनिटांचं बोलणं असेल पण त्या मुलीचा माल त्यानंतर परत आला नाही. तुमच्या मैत्रिणीला तर किसुमूतच किर्डी या सरकारी संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे अन्नप्रक्रियेचं विचारायला सांगा, केब्सचा, म्हणजे तिथल्या सरकारी दर्जा तपासणाऱ्या संस्थेचा, शिक्का लागणार आहेच, त्याशिवाय सुपरमार्केट माल ठेवत नाही.

ट्रेनिंग घेताना कुठलं घ्यायचं ते बघून घ्या. टोगोत लोमे शहरात १,५०० छोट्या धंदेवाल्यांवर अभ्यास झाला, २०१७ मध्ये आला, त्यात हिशोब वगैरेच्या नेहमीच्या ट्रेनिंगपेक्षा स्वतः पुढाकार घ्यायला, नवीन काही करून बघायला शिकवणाऱ्या ट्रेनिंगचा फायदा कितीतरी जास्त निघाला, बायकांचा नफा ४० टक्क्यांनी वाढला, नेहमीच्या ट्रेनिंगने ५.

अजून एक, पैसे आले की घरात त्याला दहा वाटा फुटतात, कोणाची फी, कोणाचं दवाखान्याचं, आणि नाही म्हणणं अवघड असतं, ते आपल्याकडे पण तसंच आहे. युगांडात कर्जाचे पैसे रोख न देता बायकांच्या वेगळ्या मोबाईल मनी (फोनवरून पैसे ठेवायच्या-पाठवायच्या) खात्यात टाकून बघितले तर त्यांचा नफा १५ टक्क्यांनी जास्त निघाला. तेव्हा पहिल्या दिवसापासून एम-पेसावर, म्हणजे केनियातल्या अशाच सेवेवर, धंद्याचं वेगळं खातं काढायला सांगा. त्याची नोंद फॉर्म भरतानाही कामी येते.

आणि गावी गेल्यावर तिने एखाद्या चामात शिरावं. चामा म्हणजे आपली भिशी आणि बचत गट एकत्र केल्यासारखं. गट रजिस्टर असेल तर सरकारच्या विमेन एंटरप्राइझ फंडातून गटाला बिनव्याजी कर्ज मिळतं, थोडं शुल्क असतं फक्त. शिवाय केनियात सरकारी खरेदीतला ३० टक्के वाटा महिला, तरुण आणि अपंगांच्या धंद्यांसाठी राखीव असतो, त्यासाठी धंद्याची नोंदणी आणि अ‍ॅग्पो या त्याच राखीव वाट्याच्या योजनेचं सर्टिफिकेट लागतं.

जानेवारीला किती वेळ आहे ते बघा, तोवर तिला पुण्यातच ५ किलो दाणे भाजून दळून हॉस्टेलमध्ये विकायला सांगा, किती बरण्या गेल्या आणि कोण परत आलं ते वहीत लिहायला सांगा, कारण फॉर्ममध्ये "ग्राहक कोण" हा रकाना असतो आणि तिथेच बहुतेक जणी अडतात. लिहून झालं की इथेच टाका, मी वाचून सांगेन.