गोव्यात रक्तदात्यासाठी अनोळखी लोकांना ऑनलाइन विनंती कशी करावी?

‘अर्जंट रक्त हवंय, शेअर करा’ एवढ्यावर थांबू नका. काणकोणहून बांबोळीला यायचं तर माणसाचा अर्धा दिवस जातो, त्याला घरून निघण्याआधी सगळं कळायला हवं. पेशंट गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) कुठल्या वॉर्डात आहे, रक्तगट कोणता, किती युनिट, रक्त हवंय की प्लेटलेट्स, रक्तपेढीत कधीपर्यंत पोचायचं, हे सगळं लिहा. आणि तारीख घालाच. तारीख नसलेला मेसेज महिनोन्महिने फिरत राहतो आणि घरच्यांना नको त्या वेळी फोन येत राहतात. नंबरही जो खरंच फोन उचलेल त्याचाच द्या. पेशंटचे फोटो मात्र टाकू नका, त्यांची गरज नसते.

कुणी ‘आत्ता जमणार नाही’ म्हणालं तर खोदून विचारू नका. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर ठेवावंच लागतं.

गरज भागली की तिथेच लगेच ‘रक्त मिळालं’ असं लिहा. जो येऊन गेला त्याला दुसऱ्या दिवशी फोन करून पेशंट कसा आहे तेही सांगा. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण रक्त देऊन गेलेला माणूस ते स्वतःहून विचारायला संकोचतो.