तीव्र कुपोषित बाळाला घरीच दूध-तूप देऊन बरे करता येईल का?

धडगाव तालुक्यातील आपल्या बहिणीच्या १४ महिन्यांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.२ सेंटिमीटर भरला आहे, त्याची दोन्ही पावले सुजली आहेत आणि अंगणवाडी सेविकेने त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करण्यास सांगितले आहे. त्याऐवजी घरीच भरपूर दूध-तूप दिले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. मी नंदुरबार जिल्ह्यातील अशाच एका केंद्रात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझे उत्तर स्पष्ट आहे : चालणार नाही, बाळाला आजच न्यावे.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषित मानले जाते. भूक चांगली असेल आणि दुसरा आजार नसेल, तर अशा बालकावर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रातही उपचार होतात. मात्र दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबल्यावर खळगा राहत असेल, तर भरतीला पर्याय नाही. या सुजेमुळे बाळ भरलेले दिसते आणि घरचे निर्धास्त राहतात, ही मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते.

दीर्घ उपासमारीत शरीर आपले सगळे काम मंद करून टाकते. हृदय, यकृत आणि आतडी एकदम आलेले भरपूर अन्न पेलू शकत नाहीत, आणि पोटॅशियम व फॉस्फेटचे प्रमाण ढासळून बाळ दगावू शकते. म्हणून केंद्रात पहिले काही दिवस वजन वाढवण्याचा प्रयत्नच केला जात नाही. रक्तातील साखर आणि अंगाची ऊब सांभाळणे, ताप दिसत नसला तरी प्रतिजैविके देणे आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, एफ-७५ नावाचे दूध मोजून पाजणे, एवढेच चालते. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी आणि एक ग्रॅमहून कमी प्रथिने असतात. भूक परतली आणि सूज उतरू लागली की मग एफ-१०० हे त्याहून जास्त ऊर्जेचे दूध, आणि त्यानंतर घरचे जेवण. लोहाचे औषधही पहिल्या आठवड्यात देत नाहीत. आपल्याकडे नातेवाईक ‘सलाईन लावा’ असा आग्रह धरतात. या बाळांच्या हृदयावर त्याचा ताण येतो, त्यामुळे बाळ शॉकमध्ये गेल्याखेरीज, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडून अत्यवस्थ झाल्याखेरीज, ते टाळले जाते.

धडगावहून निघताना बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी लपेटावी, अंगावरचे दूध पाजत राहावे, आणि ते ओढत नसेल पण शुद्धीवर असेल तर साडेतीन मोठे चमचे स्वच्छ पाण्यात एक लहान चमचा साखर विरघळवून थोडे थोडे द्यावे.

मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा असतो. मजुरी बुडते आणि घरी दुसरी लेकरे असतात म्हणून आया अर्ध्यातून निघतात. त्यांना दोष देणे मला पटत नाही. आईच्या बुडीत मजुरीची भरपाई आणि जेवण यांची तरतूद आहे, हे बहिणीला आधीच सांगा आणि थोरल्या मुलांना तेवढे दिवस आपल्याकडे ठेवता येईल का ते पाहा.

घरी आल्यावर ज्वारी किंवा भगर, डाळ, शेंगदाण्याचा कूट, अंडे आणि तेल असे घट्ट जेवण दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. कुटुंब ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणार असेल, तर जाण्यापूर्वी मुक्कामाचे ठिकाण सेविकेला कळवावे, म्हणजे तिथल्या अंगणवाडीत पुढची तपासणी करून घेता येईल.