साहेबांपर्यंत खबर कोण नेतं?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच माणसाबद्दल होती. कोणी त्याला चमचा म्हणतं, कोणी होयबा, कोणी खुशमस्कऱ्या. त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. शेवटचं पत्र टेबलाच्या पलीकडून, म्हणजे मालकाकडून आलेलं आहे.

प्रश्न : चाकणजवळच्या एका वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मी सहा वर्षं क्वालिटी विभागात आहे. माझ्याबरोबरच लागलेला एक सहकारी सतत मॅनेजरच्या केबिनमध्ये असतो. साहेब काहीही म्हणोत, याचं ‘सर, अगदी बरोबर’ तयार. साहेबांच्या मुलाच्या ॲडमिशनपासून गाडीच्या सर्व्हिसिंगपर्यंत सगळं तोच बघतो. मागच्या महिन्यात ग्राहकाची एक तक्रार आली. तीन रात्री थांबून मी तिचं मूळ शोधलं, पण रिव्ह्यूमध्ये ते मांडलं त्याने आणि शाबासकीही त्यालाच मिळाली. यंदाची बढती त्यालाच मिळणार असं दिसतंय. काय करू?

तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. तो साहेबांच्या पुढे पुढे करतो, ही एक आणि तुमच्या कामाचं श्रेय लाटतो, ही दुसरी. पहिलीवर तुमच्याकडे इलाज नाही. दुसरीवर आहे, आणि तो याच आठवड्यात सुरू करायला हवा.

एडवर्ड जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने खुशामतीचा सविस्तर अभ्यास १९६४ मध्ये मांडला. त्याने खुशामतीच्या मुख्य वाटा सांगितल्या त्या अशा: समोरच्याची स्तुती करणं, त्याच्या मताला मान डोलावणं, त्याची कामं करून देणं आणि त्याला आवडेल असं रूप घेऊन वावरणं. तुमचा सहकारी निदान तीन वाटांवर नेमाने चालतो आहे. आता तुम्हाला वाटत असेल, साहेबांना हे कळत नाही का? बहुतेकदा कळतं. २०१० मध्ये हाँगकाँगच्या दोन संशोधकांनी लोकांना एका कपड्यांच्या दुकानाचं पत्रक वाचायला दिलं. त्यात वाचणाऱ्याच्या आवडीनिवडीचं भरघोस कौतुक होतं. हे विक्रीसाठी चाललंय हे लोकांनी ओळखलं, पण मनाच्या आत त्या दुकानाबद्दलचं बरं मत उरलंच. त्यामुळे ‘सर, तो तुम्हाला मस्का मारतोय’ असं सांगायला जाऊ नका. साहेबांना त्यात नवीन काही कळणार नाही आणि तुम्ही मात्र मत्सरी ठराल.

मी सव्वीस वर्षं कारखान्यांच्या कार्मिक विभागात काढली. तेवढ्या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. केबिनमधल्या माणसाला स्तुतीपेक्षाही खबर हवी असते. सकाळी नऊला वरून फोन येतो, ‘काल रात्री तिसऱ्या लाइनवर काय झालं?’ त्याआधी जो माणूस येऊन सांगून गेलेला असतो तो साहेबांना आपला वाटतो. तुमचा सहकारी ही खबर नेतो आणि तिच्याभोवती गोड शब्द गुंडाळतो. त्याच्यापेक्षा जास्त माहिती तुमच्याकडे आहे, पण ती तुमच्याबरोबर कंपनीच्या बसने घरी जाते.

हे मी इतक्या तळमळीने का सांगतोय, त्यालाही कारण आहे. फार वर्षांपूर्वी एका कारखान्यात सुपरवायझरच्या जागेसाठी दोन नावं आमच्यापुढे होती. एक टूलरूममधला अत्यंत कसबी, मितभाषी फिटर. दुसरा सगळ्या साहेबांचा लाडका. फिटरच्या फाइलमध्ये हजेरी आणि वेतनवाढ यांखेरीज एक ओळ नव्हती. बैठकीत मला विचारलं, ‘याच्याबद्दल काय सांगाल?’ माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. त्याने कोणते साचे वाचवले, कोणत्या रात्री मशीन चालू केलं, हे मला वर्षभराने कळलं. त्या दिवशी लाडक्या माणसाने त्याचं काही हिरावलं नव्हतं. फिटरचं काम टूलरूमबाहेर आलंच नव्हतं, आणि ते बाहेर आणणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. ती चूक मला आजही डाचते.

म्हणून आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. कारण सापडलं त्याच संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी मॅनेजरना चार ओळींची मेल करा आणि तिची प्रत सहकाऱ्यालाही पाठवा. तक्रार काय, कारण काय, पुरावा काय, उद्या काय करणार, एवढंच लिहा. ग्राहकाच्या तक्रारीवर जो आठ पायऱ्यांचा एटडी (8D) अहवाल लिहितात, त्याची पहिली पायरी टीमच्या नावांची असते, ती कधीही रिकामी किंवा दुसऱ्याच्या हाती सोडू नका. मूळ कारणाच्या चौथ्या पायरीसोबत तुमची मोजमापं, तारखा आणि फोटो जोडा. रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी मॅनेजरना सरळ विचारा, ‘सर, विश्लेषण मी केलंय, उद्या मी मांडू का?’ असं विचारल्यावर नाही म्हणणारा मॅनेजर मी क्वचितच पाहिला.

तरीही तो बोलायला उभा राहिला तर भर बैठकीत ‘हे माझं आहे’ म्हणू नका. जे फक्त शोधणाऱ्यालाच माहीत असतं ते सांगा: ‘दुसऱ्या रात्री फिक्स्चरची पिन काढून मोजली तेव्हा ती झिजलेली निघाली, फोटो आहेत, दाखवतो.’ खोलीतल्या प्रत्येकाला कळेल. मग त्याला एकट्याला गाठून आवाज न चढवता सांगा, ‘माझं काम तू मांडलंस, माझं नाव घेतलं नाहीस. पुढच्या वेळी मी मांडेन.’ बरेच जण तेवढ्याने जपून वागू लागतात, कारण समोरासमोर कोणी बोलेल असं त्यांना वाटलेलंच नसतं.

बढतीबद्दल विचारायचं ते अप्रेझलच्या तीन महिने आधी: ‘या जागेसाठी तुम्ही काय बघता आणि मी कुठे कमी पडतो?’ यादी लागल्यावर विचारलं की त्याचं गाऱ्हाणं होतं.

प्रश्न : मी तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे. आमच्या शाखेतला एक जण साहेबांची खासगी कामं करतो, दौऱ्यावर त्यांच्याबरोबर असतो. त्याच्या टेबलावरच्या नस्त्या, म्हणजे फाइली, मीच उरकतो. गोपनीय अहवालात मात्र त्याची प्रतवारी माझ्याहून वरची. बोललो तर बदली होईल अशी भीती वाटते.

सरकारी नोकरीत तुमच्या हाताशी जी साधनं आहेत ती खासगी कंपनीतल्या माणसाला मिळत नाहीत. ती वापरा.

गोपनीय अहवाल आता तुमच्यापासून गोपनीय नाही. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की, अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तो अर्जदार अभियंता होता. त्याला ‘चांगला’ असा शेरा होता, पण बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता. वरवर भला दिसणारा शेरा त्याला नडला आणि त्याला तो कळवलाही नव्हता. २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हाच दंडक कायम केला. तेव्हा तुमची प्रत मिळवा, आणि प्रतवारी पटली नसेल तर मुदतीत लेखी अभिवेदन द्या. अभिवेदनात त्याचं नावही येऊ देऊ नका, फक्त तुमच्या कामाचे आकडे लिहा.

ते आकडे तुमच्या टेबलावरच आहेत. कार्यविवरण नोंदवही आणि आठवड्याचा गोषवारा अनेक जण तपासणीच्या आदल्या रात्री घाईघाईने भरतात. तुम्ही तसं करू नका. आवक किती, निकाली किती, शिल्लक किती, हे दर आठवड्याला लिहून वरिष्ठांची सही घ्या. कागद सहा गठ्ठ्यांत वर्गवारीने ठेवण्याची सहा गठ्ठे पद्धत नीट लावलेली असली की कोणी कपाट उघडलं तरी तुमचं काम डोळ्यांना दिसतं. वर्षअखेरीस स्वयंमूल्यमापनात ‘नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली’ असं वाक्य लिहून मोकळे होऊ नका. वरिष्ठांनी सही केलेले बावन्न गोषवारे तुमच्याकडे असतील तर त्यांच्याच बेरजा तिथे मांडा. ज्याने त्यांवर सही केली त्याला तुम्हाला खालची प्रतवारी देणं अवघड जाईल.

सहकाऱ्याच्या नस्त्या तुम्ही उरकता, ते उरका, पण टिपणीत एक ओळ घाला: ‘संबंधित सहायक दौऱ्यावर असल्याने तोंडी निर्देशांनुसार सादर.’ त्यात कोणावर आरोप नाही. जे घडलं तेच कागदावर येतं.

बदलीचं म्हणाल तर बदल्यांच्या २००५ च्या राज्य कायद्याप्रमाणे एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. मुदतीआधी हलवायचं तर लेखी कारणं आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. कायदा आहे म्हणून आकसाने बदल्या होतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. पण तशी झालीच तर मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाद मागता येते, आणि तिथे तुमची नोंदवही तुमच्या बाजूने बोलते.

प्रश्न : ठाण्यातल्या एका विमा कंपनीत मला नुकतीच टीम लीडची जागा मिळाली. तेव्हापासून दोन सहकारी ‘साहेबांना खूश कसं ठेवायचं ते हिला बरोबर कळतं’ असं हसत हसत बोलतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर घाणेरडे स्टिकर टाकतात. मी साहेबांशी बोलणंच कमी केलंय.

ताई, पहिली गोष्ट ही की बोलणं कमी करू नका. टीम लीडने साहेबांशी बोलणं हा कामाचाच भाग आहे. तुम्ही मागे सरलात तर त्या दोघांना हवं होतं तेच होईल.

तुमच्याबाबतीत जे चाललंय त्याला चेष्टा म्हणून सोडून देऊ नका. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लैंगिक अर्थाची शेरेबाजी हा लैंगिक छळ आहे आणि ती करणारा वरिष्ठच असायला हवा असं नाही. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावीच लागते. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. समितीला सबळ कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळू शकतात. स्टिकरचे स्क्रीनशॉट तारखेसह आजच काढून ठेवा, कारण असले मेसेज नंतर पुसले जातात. कोण, कधी, कोणासमोर काय बोललं, हे वहीत लिहा. तक्रार करायची की आधी एकदा ठणकावून सांगायचं, हा निर्णय सर्वस्वी तुमचा. पण तो घेताना पुरावा हातात असू द्या.

इतर वाचकांनाही इथे एक विनंती करतो. सहकारी स्त्रीला बढती मिळाली की ‘चमची’ हा शब्द फार लवकर तोंडावर येतो. मला आलेल्या पत्रांतही तो होता. तिचं काम तुम्ही स्वतः पाहिलं आहे का, हे आधी स्वतःला विचारा.

प्रश्न : नाशिकच्या एका सहकारी बँकेत अधिकारी आहे. बायको म्हणते, तुम्हीही थोडं लोणी लावायला शिका. त्यात चूक आहे का?

तुम्ही साहेबांशी कामापुरतंही बोलत नाही, असं बहुधा त्यांना म्हणायचं असावं. तसं असेल तर त्यांचं ऐका. साहेबांनी एखादं कर्जप्रकरण खरंच छान हाताळलं तर तसं सांगण्यात गैर काहीच नाही. जे मनापासून वाटत नाही ते बोलू नका आणि जे चांगलं दिसेल ते शिपायालाही त्याच तोंडाने सांगा. रूस व्हॉन्क या डच संशोधिकेने १९९८ मध्ये दाखवलं की, वरच्याशी गोड आणि खालच्याशी तुसडा वागणारा माणूस पाहणाऱ्यांच्या मनातून फार वेगाने उतरतो. शाखेत तुम्हाला पाहणारे डोळे साहेबांच्या दोन डोळ्यांपेक्षा पुष्कळ जास्त आहेत.

प्रश्न : कोल्हापुरात आमची फाउंड्री आहे. वडिलांनंतर पाच वर्षं मी बघतो. प्रत्येक गोष्टीला ‘होय मालक’ हेच उत्तर. गेल्या वर्षी मोठं मोल्डिंग मशीन घेतलं, ते आमच्या कामाला जुळलं नाही. नंतर कळलं, हे चालणार नाही असं चार जणांना आधीच वाटत होतं. कोणीच बोललं नाही. माणसं अशी का वागतात?

मालक लोक मला हा प्रश्न क्वचितच विचारतात. तुम्ही विचारलात याचं मला फार अप्रूप वाटलं.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांचा अभ्यास केला. ज्यांच्या वाट्याला स्तुती आणि होकार जास्त येत होते, त्यांचा स्वतःच्या निर्णयांवरचा विश्वास फुगत गेला, आणि कंपनीची कामगिरी घसरू लागली तरी त्यांनी धोरण बदललं नाही. इतक्या मोठ्या माणसांचं हे होतं, तर वडिलांच्या खुर्चीवर बसलेल्या तरुण मालकाला ‘मशीन घेऊ नका’ कोण सांगणार? त्या चौघांपैकी कोणी कधी तुम्हाला वाईट बातमी सांगितली होती का आणि तेव्हा तुम्ही काय केलंत, ते आठवून पाहा. एकदा जरी आवाज चढवला असेल तरी ती गोष्ट सगळ्या शॉपभर झालेली असते. आठवलं तर त्या माणसाला बोलावून सांगा की, त्या दिवशी तुमचंच बरोबर होतं.

यापुढे बैठकीत तुमचं मत सगळ्यात शेवटी सांगा. मालक आधी बोलला की बाकीच्यांची मतं तिथेच संपतात. मोठ्या खर्चाआधी ‘कसं वाटतं?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘छान’ हेच येणार. ‘हे वर्षभरात फसलं तर कशामुळे फसलं असेल?’ असं विचारा आणि प्रत्येकाकडून चिठ्ठीवर एक कारण घ्या. चिठ्ठीवर नाव नको. पहिल्या बैठकीत निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्या येतील, त्याने नाराज होऊ नका.

आणि रोज एकदा रिजेक्शनच्या ढिगाकडे जा. तिथे ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, पडलेली कास्टिंग असतात. ती वाळूतल्या ओलाव्याने बिघडली की कोअरमुळे, म्हणजे साच्यातल्या गाभ्यामुळे, हे साचा करणाऱ्या मोल्डरला आणि कास्टिंग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगच्या माणसाला ऑफिसपेक्षा आधी कळतं. तिथे उभं राहून विचारा आणि तिथेच ऐकून घ्या. आज मोल्डरने वाळूबद्दल काही सांगितलं असेल तर उद्या त्यालाच येऊन सांगा की वाळू तपासली, ओलावा एवढा निघाला. पाच वर्षांत गप्प झालेली माणसं बोलायला वेळ घेतील. पण त्यांनी सांगितल्यावरून तुम्ही वाळू तपासलीत, ही खबर संध्याकाळच्या शिफ्टपर्यंत सगळ्या शॉपला लागलेली असेल.